सिलेन जोडकारके

सिलेन जोडकारके ही दोन तोंडांची रसायने आहेत. रेणूच्या एका टोकाला सिलिकॉनचा अणू आणि त्याला लागून मिथॉक्सी, इथॉक्सी किंवा क्लोरीन यांपैकी सहसा तीन गट असतात. हे टोक काच, सिलिका आणि धातूंची ऑक्साइडे यांच्याशी सोयरीक जमवते. दुसऱ्या टोकाला अमिनो, इपॉक्सी, थायॉल, मेथॅक्रिलेट असा एखादा कार्बनी गट असतो. तो प्लास्टिकला, प्रथिनाला किंवा डीएनएला धरतो. मधे बहुधा तीन कार्बनांची आखूड साखळी. प्रयोगशाळेत या सगळ्यांना सरसकट ‘सिलेन’ म्हणतात. मूळ सिलेन मात्र वेगळाच आहे. एक सिलिकॉन आणि चार हायड्रोजन असलेला तो वायू हवा लागताच पेट घेतो. फ्रीडरिश व्होलर आणि हाइनरिश बुफ यांनी १८५७ मध्ये त्याची नोंद केली. बाटलीतल्या द्रवांनी त्याचे फक्त नाव उचलले आहे.

या रसायनांची गोष्ट मुळात पाण्याची आहे. १९४०च्या दशकात काचेचे तंतू पॉलिएस्टर रेझीनमध्ये बसवून हलके आणि बळकट साहित्य बनू लागले. कोरडे असेपर्यंत ते उत्तम टिके. दमट हवेत किंवा पाण्यात राहिले की त्याची ताकद झपाट्याने उतरे. काचेला पाण्याची ओढ जबर असते. पाण्याचे रेणू काच आणि रेझीन यांच्या सांध्यात शिरत आणि रेझीनला बाजूला सारून स्वतः काचेला बिलगत. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात राल्फ विट आणि सहकाऱ्यांनी १९४७ मध्ये नौदलासाठी एक अहवाल लिहिला. त्यात त्यांनी तंतूंवर आधी लावलेल्या दोन सिलेनांची तुलना केली होती. रेझीनशी जुळू शकणारा अलिल गट ज्यात होता, ते सिलेन निव्वळ इथिल गट असलेल्या सिलेनापेक्षा कितीतरी सरस ठरले. म्हणजे काचेवर नुसता लेप असून भागत नव्हते, लेपाला दुसऱ्या बाजूलाही हात हवा होता.

पुढे डाऊ कॉर्निंग कंपनीतील एडविन प्लूडेमान यांनी या विषयाला आयुष्य वाहिले. १९८२ साली निघालेले त्यांचे पुस्तक या क्षेत्रात आजही हाताशी ठेवले जाते. सिलेनाचा सांधा पाण्यापुढे अभेद्य असतो असे त्यांनी मानले नाही. पाण्यामुळे बंध तुटतात, पण ते तिथल्या तिथे पुन्हा जुळतात आणि म्हणून सांधा टिकतो, असे त्यांचे म्हणणे होते. बोटींचे सांगाडे, पवनचक्क्यांची पाती आणि सिलिका घातलेले मोटारींचे टायर हा त्या विचाराचा औद्योगिक विस्तार. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांनी तोच रेणू उचलला आणि फार नाजूक कामाला लावला.

रसायनाचा क्रम असा. पाण्याशी गाठ पडली की मिथॉक्सी किंवा इथॉक्सी गट गळून पडतात, मिथेनॉल किंवा इथेनॉल सुटते आणि सिलिकॉनवर हायड्रॉक्सिल गट येतात. काचेवरही तसेच गट असतात. पूर्ण ओलसर सिलिकाच्या एका चौरस नॅनोमीटरवर ते साधारण पाच भरतात. दोन्हीकडचे गट आधी हायड्रोजन बंधाने सैलसर जवळ येतात. मग ११० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवले की मधले पाणी निघून जाते आणि सिलिकॉन–ऑक्सिजन–सिलिकॉन असा पक्का बंध तयार होतो. मेख इथेच आहे. पाणी अजिबात नसेल तर विक्रिया सुरूच होत नाही. जास्त झाले तर सिलेनाचे रेणू काच सोडून एकमेकांनाच धरतात, द्रावणात गुठळ्या होतात आणि पृष्ठभागावर एका रेणूच्या थराऐवजी खडबडीत पुटे चढतात. शोधनिबंधात ‘पृष्ठभाग सिलेनाइज केला’ एवढेच वाक्य असले, तर वाचणाऱ्याला कामाचे फारसे काही कळलेले नसते.

सर्वांत जास्त वापरले जाणारे आणि सर्वांत लहरी सिलेन म्हणजे ३-अमिनोप्रोपिलट्रायइथॉक्सीसिलेन, बोलीभाषेत एपीटीईएस. त्याच्या एका सलग थराची जाडी जेमतेम ०.७ नॅनोमीटर असायला हवी. प्रत्यक्षात अनेकदा दहापट भरते. त्याच्या शेपटीचा अमिनो गट विक्रियेला स्वतःच चालना देतो, त्यामुळे इतर सिलेनांना लागते तसे चिमूटभर ॲसेटिक आम्ल त्याला लागत नाही. हा गुण तसाच दोषही आहे, कारण तोच अमिनो गट मागे वळून आपल्याच रेणूचा काचेशी असलेला बंध तोडायलाही मदत करतो. थर पाण्यात ठेवला की काही भाग हळूहळू धुऊन जातो तो यामुळे. काळजीपूर्वक काम करणारे म्हणून कोरडे टोल्यूइन वापरतात किंवा द्रव टाळून नुसत्या वाफेने थर बसवतात.

आता पॅथॉलॉजीच्या टेबलाकडे वळू. नेहमीच्या रंगकामासाठी ऊतीचा पातळ काप काचेवर चिकटवायला अंड्याचा पांढरा बलक आणि ग्लिसरीन यांचे मिश्रण पिढ्यान्‌पिढ्या पुरले. प्रतिपिंडांनी ऊतीतली प्रथिने दाखवणारी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री आली आणि ते अपुरे पडू लागले. स्तनाच्या कर्करोगात संप्रेरकांचे ग्राही तपासायचे, तर काप सायट्रेटच्या द्रावणात उकळावा लागतो. त्यासाठी घरगुती प्रेशर कुकरही चालतो आणि तो अनेक ठिकाणी वापरलाही जातो. शिट्टीच्या त्या आचेत साध्या काचेवरचा काप सुटून तरंगू लागतो. बायॉप्सी सुईएवढी असेल तर पुन्हा कापायला मेणाच्या ब्लॉकमध्ये ऊती उरलेलीच नसते. यावरचा उपाय स्वस्त आहे. स्वच्छ स्लाइडांचा रॅक ॲसिटोनमधल्या २ टक्के एपीटीईएसमध्ये थोडा वेळ बुडवायचा, ताज्या ॲसिटोनमध्ये दोनदा खंगाळायचा, मग ऊर्ध्वपातित पाण्यातून काढून ३७ अंशांवर रात्रभर वाळवायचा. अमिनो गटांमुळे काचेवर धन भार येतो, ऊतीवर बहुतांशी ऋण, आणि काप उकळीतही जागेवर राहतो. तयार स्लाइड विकत मिळते, पण खोका महाग पडतो म्हणून अनेक प्रयोगशाळा रॅक स्वतःच बुडवतात.

बुडवण्याआधीची धुलाई हा अर्धा विधी असतो. संशोधनाच्या प्रयोगशाळेत त्यासाठी ‘पिरान्हा’ वापरतात. तीन भाग तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि एक भाग ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. माशाचे नाव त्याला शोभते, कारण काचेवरचा सेंद्रिय मळ ते अक्षरशः खाऊन टाकते. पण ॲसिटोनने धुतलेली स्लाइड ओली असतानाच त्यात सोडली तर स्फोट होऊ शकतो. उरलेले पिरान्हा झाकण घट्ट लावून ठेवले तर वायू साठून बाटली फुटते. या दोन्ही चुका प्रयोगशाळांच्या सुरक्षा-पुस्तिकांत ठळक अक्षरांत असतात, आणि त्या उगाच नसतात.

काचेवर जिवंत रसायन बांधायची सुरुवात १९६९ च्या सुमारास झाली. कॉर्निंग कंपनीत हॉवर्ड वीटॉल यांनी सच्छिद्र काचेवर सिलेन चढवून त्याला ट्रिप्सिन, पपेन यांसारखी विकरे जोडली. विकर काचेला बांधलेले, म्हणून विक्रिया झाली की गाळून परत वापरता येई. आज प्रतिपिंड बांधायची रुळलेली वाट तीच आहे. एपीटीईएसवर ग्लुटाराल्डिहाइड, त्यावर प्रतिपिंड. अमिनो गटांशी गाठ पडली की ग्लुटाराल्डिहाइडला गुलाबी-तांबूस झाक येते, आणि विद्यार्थ्यांचा त्या रंगावर नको इतका विश्वास असतो. रंग आला म्हणजे काहीतरी जुळले एवढेच कळते, थर सपाट आहे की डोंगराळ हे नाही.

डीएनए क्रमवाचन जेलवर होत असे त्या काळात दोन सिलेने एकाच साच्यात वैऱ्यासारखी समोरासमोर बसत. दोन काचेच्या तावदानांमध्ये मिलिमीटरभरही जाड नसलेले जेल ओतायचे. एका काचेवर ‘बाइंड’ म्हणजे मेथॅक्रिलॉक्सी सिलेन, जे जेलच्या जाळ्यात स्वतः गुंफले जाते. दुसरीवर ‘रिपेल’ म्हणजे डायमिथिलडायक्लोरोसिलेन, जे काचेला मेणासारखी निसरडी करते. काचा उघडल्या की सगळे जेल एकीवर राहायला हवे. पण एकाच हातमोज्याने दोन्ही काचा पुसल्या तर जेल दोघींना धरते, फाटते आणि दिवसभराचे काम बेसिनमध्ये जाते. वनस्पतींच्या जनुक-चिन्हांसाठी चांदीने रंगवलेली जेले ज्यांनी केली आहेत, त्यांना दोन रंगांचे हातमोजे का लागतात हे सांगावे लागत नाही. हीच चिकटवण्याची युक्ती पेशीविज्ञानात गेली. १९९७ मध्ये पेलहॅम आणि वांग यांनी सिलेन लावलेल्या काचेवर मऊ-कडक अशी वेगवेगळी पॉलिॲक्रिलामाइड जेले बसवली आणि पेशी पायाखालचा मऊपणा ओळखतात हे दाखवले. त्या जेलखालच्या सिलेनाकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. ते नसते तर जेल तरंगून गेले असते.

शरीरात जाणाऱ्या साहित्यात सिलेनाचे सर्वांत परिचित घर म्हणजे दात. राफेल बोवेन या अमेरिकी दंतवैद्याने १९६२ च्या पेटंटात सिलिकाची पूड व्हाइनिल सिलेनने माखून नव्या रेझीनमध्ये मिसळली. पुढे मेथॅक्रिलेट सिलेन रूढ झाले. निळ्या प्रकाशाखाली घट्ट होणाऱ्या आजच्या पांढऱ्या फिलिंगमध्ये वजनाने बहुतेक भाग काच आणि सिलिकाचाच असतो. तो रेझीनपासून सुटू नये हे काम सिलेनाचे. पण तोंडात ३७ अंश आणि चोवीस तास ओल. वर्षानुवर्षे तो बंध पाणी खातो आणि फिलिंगचा पृष्ठभाग झिजून निस्तेज होतो.

सिरॅमिकची टोपी बसवताना दंतवैद्य तिची आतली बाजू हायड्रोफ्लुओरिक आम्लाने खरवडून वर सिलेनाचा एक हात फिरवतो. आधीच पाण्याशी विक्रिया करून विकलेल्या त्या सिलेनाची बाटली पाण्यासारखी स्वच्छ असेल तरच चांगली. दुधाळ झाली की फेकून द्यायची. टोपी झिर्कोनियाची असेल तर मात्र हे सगळे व्यर्थ, कारण त्यात सिलिकाच नाही. तिथे आधी सिलिका माखलेल्या वाळूचा मारा करतात किंवा फॉस्फेट गटाची वेगळी रसायने लावतात.

धातूंच्या बाबतीत उत्साह जरा आवरता घ्यावा लागतो. टायटॅनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, म्हणून सिलेन बसते आणि त्यावर पेशींना आवडणारे आरजीडी हे तीन अमिनो आम्लांचे पेप्टाइड जोडता येते. पण टायटॅनियम–ऑक्सिजन–सिलिकॉन बंध काचेवरच्या बंधाइतका दमदार नाही. हाडातील हायड्रॉक्सीॲपेटाइटवर पकड आणखी कच्ची. सोन्याला सिलेन धरतच नाही. उलट थायॉलचे टोक असलेले सिलेन काचेवर लावून त्यावर सोने चिकटवतात. मेंदूच्या गाठींवरील उष्णता-उपचारासाठी युरोपात २०१० मध्ये मान्यता मिळालेल्या नॅनोथर्म या द्रवातील लोह-ऑक्साइडाचे कण अमिनोसिलेनच्या कवचात असतात.

जोडण्याऐवजी झाकणाऱ्या सिलेनांचे काम महाराष्ट्रात कोल्हापूरला झाले. शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सिलिका एरोजेलवर दीर्घकाळ संशोधन चालले. काचेचाच हा धुरकट, अतिहलका फेस दमट हवेतले पाणी शोषून कोलमडतो. तिथल्या संशोधकांनी त्याचे हायड्रॉक्सिल गट मिथिल गटांनी झाकले किंवा मुळातच मिथिलट्रायमिथॉक्सीसिलेनपासून एरोजेल बनवला. अशा एरोजेलवर पाण्याचा थेंब १५० अंशांहून मोठ्या संपर्ककोनात, जवळजवळ पूर्ण गोळा होऊन बसतो.

थेंबाचा हा कोन हीच सिलेन बसले का याची पहिली, स्वस्त तपासणी. धुतलेल्या काचेवर थेंब पसरतो, कोन १० अंशांखाली. लांब साखळीच्या ऑक्टाडेसिलट्रायक्लोरोसिलेनवर तो ११० अंशांच्या आसपास जातो. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत जेकब सागीव यांनी १९८० मध्ये या रेणूचे एकेरी, उभे, शिस्तबद्ध थर बसवून दाखवले होते. अमिनो गट मोजायला निनहायड्रिनचा जांभळा रंग चालतो, आणि पृष्ठभागावरचा नायट्रोजन पाहायला क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटमापन लागते.

बाटलीची काळजी हे वेगळेच प्रकरण. क्लोरोसिलेनचे झाकण उघडले की हवेतल्या ओलीशी विक्रिया होऊन हायड्रोक्लोरिक आम्लाचा पांढरा धूर निघतो, म्हणून ते धूरकपाटाबाहेर उघडत नाहीत. मिथॉक्सी सिलेनातून मिथेनॉल सुटते. मुंबईत जुलैमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, आणि डिसेंबरात पाच मिनिटांत नीट बसणारा थर तेव्हा ढगाळ होतो. त्यामुळे पावसाळ्यात लहान बाटल्या मागवायच्या, रबरी बुचातून सुईने काढायच्या, बाटलीतली रिकामी जागा नायट्रोजनने भरायची आणि पहिल्यांदा सुई टोचली ती तारीख मार्करने बाटलीवर लिहायची.