पाणी भरणारे आणि पाणी राखणारे



भक्ताघरी देवाने केलेली कामे मोजायला बसलो, तर पाणी भरण्याचे काम फार वरच्या जागी येईल. पैठणला नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन बारा वर्षे कावड वाहिली, तो कोण होता हे आपल्याला सांगावे लागत नाही. जनीबरोबर पाण्याला जाणाराही तोच. नाथांच्या वाड्यातला तो रांजण आजही षष्ठीच्या उत्सवात भाविक हाताने भरतात आणि तो भरला की डोळे पुसतात. कीर्तनात मी हा प्रसंग कितीतरी वेळा लावला आहे. त्या ठिकाणी मृदंग थांबला की मंडपात टाचणी पडली तरी ऐकू यावे अशी शांतता होते.

पण रांजण भरला म्हणजे काम संपले का? आपल्या आजीला विचारा. रांजण रोज रिकामा करून आतून घासायचा, तोंडाला धुतलेले फडके बांधायचे, वर झाकणी ठेवायची, पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे वेगळे, त्यात कोणाची बोटे बुडता कामा नयेत. पाणी भरणे हे एक काम आणि पाणी राखणे हे दुसरे. पहिल्याची आख्याने झाली, दुसरे बायकांच्या हाताखाली मुकाट्याने चालले. मला आज या दुसऱ्या कामाचा इतिहास सांगायचा आहे, कारण आता प्रत्येक गावात नळ आला आहे आणि पाणी राखण्याचे काम कोणाचे, हा प्रश्न उघडाच राहिला आहे.

वारीच्या वाटेवरून निघू. देहू आणि आळंदी इंद्रायणीकाठी. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. पुण्याची मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेत येते. सासवडला सोपानकाकांच्या समाधीजवळून वाहणारी कऱ्हा नीरेला मिळते आणि नीरा नरसिंहपूरला भीमेत उतरते. पुढे तीच भीमा पंढरीत चंद्रभागा म्हणून वळते. म्हणजे माउली, आपण पायी निघतो त्याच गावांचे पाणीही पंढरीला निघालेले असते. फक्त ते वाटेत कोणाकोणाच्या घरून काय घेऊन येते, हे दिंडीच्या यादीत लिहिलेले नसते. आळंदीत इंद्रायणीवर अलीकडे जो पांढरा फेस दिसतो, तो सर्वांनी पाहिला आहे. त्यावर मी जास्त बोलत नाही.

एकोणिसाव्या शतकात वारीची सगळ्यात मोठी भीती वाघाची किंवा पुराची नव्हती, पटकीची होती. जरीमरी म्हणा, महामारी म्हणा. आषाढीला नदीला नवे पाणी आलेले, काठची सगळी घाण पहिल्या पावसाने धुऊन पात्रात उतरलेली, वाळवंटात माणसांची दाटी, आणि प्यायला तेच पाणी. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी नाही, असा तो रोग. मागे राहिलेले लोक घाबरून गावाकडे निघत आणि वाटेतल्या विहिरींवर थांबत थांबत रोग घरी नेत. गावोगावी मग मरीआईचा गाडा निघे. तो वाजतगाजत शिवेबाहेर ढकलायचा, पुढच्या गावाने त्याच्या पुढच्या शिवेवर. त्या गाड्यामागचे भय मी समजू शकतो. पण ओढ्याला शीव कळत नाही. गाडा पोहोचण्याआधी पाणी पोहोचलेले असे.

पाण्यातून पटकी येते हे दाखवले लंडनच्या जॉन स्नो या डॉक्टराने, १८५४ साली. ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर एक सार्वजनिक पंप होता. त्याचे पाणी चवीला गोड, दिसायला स्वच्छ; लांबची माणसेही तेच मागवत. स्नोने मेलेल्यांची घरे मोजली आणि बोट त्या पंपावर ठेवले. पंपाचा दांडा काढला गेला. गंमत अशी, की त्याच वस्तीतला हेन्री व्हाइटहेड नावाचा तरुण धर्मगुरू आधी स्नोचे म्हणणे खोडून काढायला निघाला होता. तो घरोघर फिरला, कारण घरोघर जाण्याचा त्याला परिपाठ होता, आणि फिरता फिरता त्यालाच पुरावा सापडला : पंपाशेजारच्या घरातले एक आजारी तान्हे मूल, त्याचे धुतलेले कपडे, आणि ते पाणी जिरलेला खड्डा, पंपाच्या विहिरीपासून हातभर अंतरावर. हा दृष्टांत मला फार आवडतो. वस्तीची नाडी ज्याला ठाऊक, त्यालाच वस्तीच्या पाण्याचे दुखणे सापडले. पुढे १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू डोळ्यांनी पाहिला.

आपल्याकडे सरकारने काय केले? यात्रेकडेच बोट दाखवले. यात्रेकरूंवर कर बसवला, पुढे प्लेगच्या काळात पालख्या अडवण्याच्या गोष्टी निघाल्या, रेल्वेची तिकिटे बंद करण्याचे उपाय झाले. वारकऱ्याकडे रोग वाहून नेणारा म्हणून पाहिले गेले. आपल्या पूर्वजांना त्याचा राग आला आणि तो रास्त होता. माणसाला अडवणे सोपे, त्याला शुद्ध पाणी देणे खर्चाचे. नंतर टोचणी आली. माझ्या लहानपणी पंढरीच्या वाटेवर टोचून घेतल्याचा दाखला मागत. दंड सुजलेले वारकरी अभंग म्हणत चाललेले मला आठवतात. ती लस थोडे महिनेच आणि थोड्यांनाच वाचवी. १९७३ साली जागतिक आरोग्य परिषदेने आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागणारा पटकीच्या लसीचा दाखलाच काढून टाकला. पटकी हटली ती सुईपेक्षा पाण्यात पडलेल्या औषधामुळे आणि नदीऐवजी नळाचे पाणी प्याल्यामुळे.

आता थोडे कडू बोलतो. ‘पाणी राखणे’ या शब्दाला आपल्या गावांत एक दुसरा अर्थ होता. पाणी घाणीपासून राखायचे नाही, माणसापासून राखायचे. पाणवठ्यावर गुरे बुडत, धुणी होत, जखमेचे पाय धुतले जात. त्याने पाणी विटाळत नसे. चोखोबाच्या सावलीने विटाळे! जोतीराव फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा नंतर सनातन्यांनी ते तळे ‘शुद्ध’ कसे केले? शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे घडे ओतून. वाचकहो, शांतपणे विचार करा. पिण्याच्या पाण्यात शेण ओतून पाणी शुद्ध झाले असे शिकली-सवरली माणसे मानत होती. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत शौच सांगितले आहे आणि माउलींनी त्याची आतली आणि बाहेरची, दोन्ही अंगे उलगडली आहेत. यातले कोणते अंग त्या तळ्याच्या काठी पाळले गेले?

आपल्या परंपरेतली एक साधी गोष्ट मात्र शंभर नंबरी निघाली. पाणी वस्त्राने गाळून प्यावे, असे स्मृती सांगतात आणि घरोघरच्या बायका सांगत आल्या. त्या गाळण्याने एक रोग देशातून कायमचा गेला : नारू. साठीच्या पुढच्यांनी तो पाहिला असेल. पायाला फोड यायचा, फुटायचा, त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोके काढायचा. कधी हात-दीड हात, कधी त्याहून लांब. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर पाय सडायचा. ऐन पेरणीत माणूस खाटेवर. तो पसरायचा पायविहिरींतून. जखमेचा पाय घेऊन माणूस पायऱ्या उतरून पाण्यात उभा राहिला, की जंत आपली पिल्ले पाण्यात सोडी. ती डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या किड्याच्या पोटात जात, आणि तो किडा पिणाऱ्याच्या पोटात. वर्षभराने त्या माणसाच्या पायाला फोड. या रोगावर औषध नाही, लस नाही. १९८३-८४च्या सुमारास देशभर मोहीम सुरू झाली. आपले राज्यही त्या रोगाच्या राज्यांपैकी होते. उपाय दोनच मुख्य : पाणी दाट फडक्याने गाळा, आणि पायविहिरीच्या पायऱ्या बंद करून वरून रहाटाने पाणी काढा. शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे मान्य केले. बारवांच्या पायऱ्यांवर आपले फार प्रेम, त्यांचे शिल्प सुंदरच आहे. पण पाणी राखायचे तर माणसाचा पाय पाण्यापर्यंत पोहोचू द्यायचा नाही, हे त्या रोगाने शिकवले.

जाता जाता सांगतो, बांगलादेशात जुनी साडी चार पदरी करून पाणी गाळल्याने पटकीचे रोगी जवळजवळ निम्मे झाल्याचे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. जुनी साडी का, तर धुऊन धुऊन तिचे सूत फुगून विण घट्ट होते. आजीचे फडके जुन्या लुगड्याचेच असे.

मग हातपंप आले. १९७२च्या दुष्काळात खडक फोडून विंधनविहिरी खोदल्या गेल्या, पण त्यांवरचे परदेशी घडणीचे पंप मोडून पडत. ते एका घरासाठी केलेले, इथे सबंध गाव दांड्याला लटकलेले. टिकाऊ पंपाची वाट आपल्याच मुलखात सापडली. जालन्यात आधी एक नमुना झाला, मग सोलापुरात विहिरी खोदणाऱ्या संस्थेत ऑस्कर कार्लसन या स्वीडिश गृहस्थाने तो पक्का केला. त्याच सोलापूर पंपावरून पुढे ‘इंडिया मार्क टू’ झाला आणि आफ्रिकेपर्यंत गेला. पंढरीच्या जिल्ह्याने जगाला दिलेली ही एक जलसेवाच.

आणि आता नळ. १५ ऑगस्ट २०१९ला घरोघर नळाची योजना जाहीर झाली. माणशी रोज ५५ लिटर पाणी, असे तिचे माप. आयाबहिणींच्या डोक्यावरचा हंडा उतरला, याहून मोठे पुण्य कोणते? पण नळाने एक भ्रम दिला आहे. विहिरीत मेलेला उंदीर दिसे, नळात काहीच दिसत नाही. गावचे पाणी दिवसाआड तासभर येते. पाणी बंद झाले की नळी रिकामी होते आणि रिकामी नळी आत ओढते. जिथे सांधा सुटलेला, जिथे नळी गटारातून गेलेली, तिथून गटाराचे पाणी नळीत शिरते आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या हंड्यात येते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडच्या, शहरात नव्याने सामील झालेल्या गावांत हातपाय लुळे पाडणारा आजार उसळला, तेव्हाही तपास पाण्याकडेच वळला होता.

यावर उपाय साधा आहे, आणि तो करणारा माणूस प्रत्येक गावात नेमलेला असतो. त्याला जलसुरक्षक म्हणतात. टाकीत टीसीएल पावडर घालणे, अर्धा तास तरी पाण्यात मुरू देणे, मग गावाच्या शेवटच्या नळावर ओटीची चाचणी करणे. पाण्यात ओटीचे थेंब टाकले आणि पिवळा रंग आला, तर औषध शेवटपर्यंत पोहोचले. लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन तरी शेवटच्या नळाला उरायला हवे. रंग आला नाही तर वाटेत कुठेतरी घाणीने ते खाल्ले. म्हणून चाचणी टाकीखाली करायची नाही, गावाच्या टोकाच्या घरी करायची. आणि टोकाचे घर बहुतेक गावांत कोणाचे असते, ते तुम्हाला ठाऊक आहे.

पूर्वपक्ष असा येतो, की औषधाचा वास येतो, देवाला ते पाणी कसे चालेल? शिवाय चंद्रभागा म्हणजे तीर्थ, त्याला कसली चाचणी? उत्तर असे, की तीर्थ आचमनाला असते, पळीभर. तहान भागवायला तांब्याभर लागते, आणि ते पाणी असते. तीर्थाचा भाव तीर्थाला द्यावा, पाण्याची परीक्षा पाण्याला. राहिला वास. उघड्या भांड्यात काही वेळ ठेवले की तो कमी होतो. गाडगेबाबा कीर्तनाआधी हातात खराटा घेऊन गाव झाडत; नंतर झालेल्या कीर्तनाला त्या धुळीचा वास आला म्हणून कोणी उठून गेल्याचे ऐकिवात नाही.

दिंडीचालकांना आणि मुक्कामाच्या गावांतल्या मंडळींना एक मागणे आहे. हजार वस्तीच्या गावात एका रात्री लाख माणसे उतरतात. त्या रात्री जलसुरक्षक झोपत नाही. त्याचे मानधन थोडे, तेही पुष्कळदा थकलेले. पालखी आल्यावर सरपंचांना, पाटलांना, देणगीदारांना नारळ दिला जातो. त्या रांगेत हा माणूस मी अजून पाहिलेला नाही. तो टाकीवर असतो. दिंडीतल्या एखाद्या शिकलेल्या मुलाने त्याच्याकडे जावे, ओटीची बाटली मागावी, टँकरच्या नळाचे आणि राहुटीजवळच्या नळाचे पाणी तपासावे. पावडरचे पोतेही पाहावे. ताज्या पावडरीत तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरिन असते. दमट खोलीत तोंड उघडे राहिलेले पोते दोन-तीन महिन्यांत नुसता चुना होते. पोत्यावर तारीख असते. ती ज्येष्ठाच्या आतबाहेरची असली तर ठीक, गेल्या दिवाळीची असली तर ग्रामसेवकांना त्याच रात्री उठवावे.