दात आणि तोंडाचे आरोग्य: नातवापासून आजीपर्यंत रोजच्या सवयी

सकाळची लोकल गाठायची म्हणून अर्ध्या मिनिटात दात घासायचे आणि रात्री उशिरा घरी येऊन जेवून तसेच झोपायचे, हे ठाणे-डोंबिवलीत घरोघरी चालते. खरे तर रात्री दात घासणे अधिक महत्त्वाचे. झोपेत लाळ कमी सुटते. दातांत अडकलेल्या गोड-पिठूळ अन्नापासून जंतू आम्ल तयार करतात आणि दात किडतात.

सर्वांसाठी
- मऊ ब्रश व फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दिवसातून २ वेळा, २ मिनिटे दात घासा. फेस थुंका, पण लगेच खळखळून चूळ भरू नका.
- हिरड्यांतून रक्त आले म्हणून घासणे थांबवू नका. बहुतेक वेळा ती हिरड्यांच्या सुजेची खूण असते. दंतवैद्यांना दाखवा.
- दिवसभर थोडे थोडे गोड खाणे टाळा.

वयानुसार
- लहान मुले: पहिला दात दिसताच घासायला सुरुवात करा. ३ वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, ३ ते ६ वर्षांत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका.
- मधुमेही: साखर वाढलेली राहिली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात येणे कठीण होते.
- कवळी वापरणारे: रात्री कवळी काढून, घासून, पाण्यात ठेवा.

मशेरीबद्दल
महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण मशेरी अनेक घरांत तव्यावरच भाजली जाते. "मी तंबाखू खात नाही, फक्त मशेरी लावते," असे अनेक आजी सांगतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने दात स्वच्छ होत नाहीत. सवय लागते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. घरच्यांनी आजींना रागावू नये, सोडायला मदत करावी. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे.

केव्हा थांबू नये?
महिन्यातून एकदा उजेडात, आरशासमोर गालांची आतली बाजू, जीभ आणि जिभेखाली पाहा. १५ दिवसांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, गिळताना त्रास किंवा तोंड पूर्वीसारखे न उघडणे, यांपैकी काहीही दिसल्यास लगेच तपासून घ्या. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीचा कर्करोग बरेचदा दुखत नाही, आणि त्याच टप्प्यावर तो बरा होण्याची शक्यता सर्वाधिक असते.