पाच टक्क्यांची आगगाडी

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत उभे असतानाच तुम्ही १८५६च्या मे महिन्यात येऊन पडता. कारखाने नाहीत, टँकर नाहीत, रसायनांचा उग्र दर्प नाही. पावसाची वाट पाहणारी भातखाचरं तेवढी. ओढ्याकाठचं अंबरनाथाचं शिवमंदिर मात्र जागच्या जागी आहे. त्याला आत्ताच आठशे वर्षं होत आली आहेत.

मुरमाच्या नव्या भरावावर चढा. रुळांना हात लावू नका, उन्हाने तापलेत. कल्याणहून घाटाच्या पायथ्याकडे जाणारा हा मार्ग याच महिन्यात सुरू झालाय. आगगाडी धडधडत निघून जाते आणि डोळ्यांत कोळशाची कणी सोडून जाते.

"कंपनीची गाडी," शेजारचा शेतकरी सांगतो. कोणती कंपनी, हे त्याला ठाऊक नाही. त्याचा काय दोष? या मुलखावर राज्य करते तीही कंपनीच.

गाडी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची. तिने १७ ऑगस्ट १८४९ रोजी ईस्ट इंडिया कंपनीशी केलेला करार तुमच्या खिशात आहे. उघडा. सुरुवातीचं भांडवल पाच लाख पौंड, त्यावर वर्षाला पाच टक्के व्याजाची हमी. जमीन ९९ वर्षांसाठी, फुकट. कमाई कमी पडली तर तूट सरकार भरणार. पाच टक्क्यांच्या वर नफा झाला तर निम्मा भागधारकांचा. उरलेल्यातून सरकारने आधी दिलेले पैसे फिटायचे. धंदा नकोसा झाला तर रेल्वे सरकारच्या गळ्यात घालून भांडवल परत घ्यायचीही सोय. देखरेखीला सरकारी इंजिनिअर आहे, पण काम महागात पडलं म्हणून भागधारकाचं व्याज घटत नाही. उलट, जितका खर्च जास्त, तितक्या मोठ्या रकमेवर पाच टक्के.

"काय लिवलंय?"

"गाडी रिकामी धावली तरी विलायतेतल्या सावकाराला पाच टक्के."

"मंग ते देनार कोन?"

प्रश्न विचारता विचारताच त्याची नजर स्वतःच्या खाचराकडे जाते. सरकारी तिजोरी शेतसाऱ्यावर भरते, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

हमी नसती तर लंडनचा पैसा इकडे फिरकलाही नसता, हेही खरं. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पोचलेली गाडी तीनच वर्षांत इथवर आली, ती त्या हमीच्या जोरावर.

आता १९०० सालात चला. सरकार ही रेल्वे विकत घेतं, किंमत वार्षिक हप्त्यांनी फेडायला घेतं आणि चालवायला पुन्हा कंपनीच्याच हाती देतं, ते थेट १९२५पर्यंत.

घरी परतल्यावर एखाद्या टोलरस्त्याचा किंवा उड्डाणपुलाचा करार वाचायला मिळाला, तर फीत कुणी कापली ते सोडा. वाहनं अंदाजापेक्षा कमी आली तर तूट कुणी भरायची, ते कलम आधी शोधा. त्यात सरकारचं नाव असेल, तर ते तुमचं आहे असं समजून पुढचं वाचा.