बॅटरीवर लोखंड आपटणारा माणूस

मी मोबाइल दुरुस्त करतो. फुगलेली बॅटरी दिसली की गिऱ्हाईक म्हणतं, "जरा दाबून बसवा ना!" नाही बसवत. लिथियम चिडकं असतं. १९७०च्या दशकात व्हिटिंगहॅम यांनी एक्झॉनमध्ये लिथियम धातूची बॅटरी केली, ती पेट घ्यायची. १९८० मध्ये ऑक्सफर्डला गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइड वापरून व्होल्टेज चारपर्यंत नेलं. मग जपानात अकिरा योशिनोंनी धातूऐवजी कार्बन घातला आणि बॅटरीवर चक्क लोखंडाचं वजन आपटलं. स्फोट झाला नाही! तिघांनाही २०१९चं नोबेल मिळालं, पण मला जवळचा वाटतो तो हा आपटणारा. १९९१ मध्ये सोनीने ही बॅटरी बाजारात आणली.

आता आशा सिलिकॉनवर आहे. आताच्या बॅटरीतल्या ग्राफाइटपेक्षा, म्हणजे कार्बनपेक्षा, त्यात कितीतरी जास्त लिथियम मावतं. पण चार्ज होताना सिलिकॉन तिप्पट-चौपट फुगतं, म्हणून कार्बनमध्ये मिसळतात.

माझी मागणी मात्र साधी आहे: बॅटरी सहज काढता यावी. नोकिया ११००चं झाकण नखाने निघायचं. आता हीटगनने गोंद वितळवावा लागतो. युरोपीय महासंघात बॅटरी वापरणाऱ्यालाच काढता यावी, असा नियम फेब्रुवारी २०२७ पासून लागू होतोय. आपल्याकडे कधी?