गोठलेल्या मैदानाचं तिकीट

आज आम्ही इंग्लंडमधल्या एका लहानशा फुटबॉल क्लबची, १९६२-६३ च्या हिवाळ्यातली खरी हकीकत सांगणार आहोत. फुटबॉलमधलं आपल्याला काय कळतं, असं म्हणून उठू नका. कुणी किती गोल केले हे बाजूला ठेवू. रोजच्या गल्ल्यावर चालणारा धंदा हवामानाने बंद पाडला तर काय होतं, हे मात्र आपल्याला नीट कळतं. ही हकीकत त्याचीच आहे.

क्लबचं नाव हॅलिफॅक्स टाऊन. इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायरच्या डोंगराळ भागात हॅलिफॅक्स हे गाव आहे. लोकरीच्या गिरण्या आणि गालिच्यांचे कारखाने ही त्याची जुनी ओळख. जाता जाता एक सांगतो. आखातातून येणारी माणसं रंगीत कागदातल्या चॉकलेट-टॉफीचा जो ‘क्वालिटी स्ट्रीट’चा डबा आणतात, तो मूळचा याच गावचा. १८९० साली व्हायोलेट आणि जॉन मॅकिंटॉश या नवराबायकोने तिथे लहानसं दुकान टाकलं, त्यातून तो कारखाना उभा राहिला. मिठाईचं काम व्हायोलेटबाई लग्नाआधीच शिकलेल्या होत्या.

तर क्लब. १९११ साली तो सुरू झाला आणि १९२१ पासून ‘द शे’ नावाच्या मैदानावर खेळू लागला. ही जागा म्हणजे गावाचा जुना उकिरडा, तो सपाट करून मैदान केलेलं. तेव्हा इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये चार पायऱ्या होत्या आणि मिळून ९२ क्लब. हॅलिफॅक्स तिसऱ्या पायरीवर होता. त्या पायरीवर २४ संघ, प्रत्येकाचे ४६ सामने, त्यातले निम्मे आपल्या गावात. गावातल्या सामन्याला दारावर जी तिकिटं खपतील ती लहान क्लबची मुख्य कमाई. सामना झाला नाही म्हणून खेळाडूंचा पगार मात्र थांबत नसे. त्यातच खेळाडूला आठवड्याला २० पौंडांपेक्षा जास्त द्यायचे नाहीत, हा जुना नियम जानेवारी १९६१ मध्ये उठला होता. मोठ्या क्लबांनी पगार वाढवले. लहान क्लबांच्या दारावर येणारी माणसं होती तेवढीच.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबर १९६२ ला, बर्फ पडू लागला. वर्ष संपायच्या आत हिमवादळ आलं. जानेवारीत मध्य इंग्लंडचं महिन्याचं सरासरी तापमानच शून्याच्या दोन अंश खाली राहिलं. इतका कडक हिवाळा त्या भागात १७४० नंतर झाला नव्हता. केंट परगण्यातल्या हर्न बे इथे किनाऱ्यालगतचा समुद्र गोठला. मेंढ्या बर्फाखाली गाडल्या गेल्या. जमिनीतले नळ गोठून फुटले आणि लोक बादल्या घेऊन टँकरपुढे उभे राहिले. चारी बाजूंना पाणीच पाणी, पण सगळं दगड झालेलं!

बर्फ बाजूला सारून खेळता येत नाही का, असं तुम्ही विचाराल. वरचा बर्फ फावड्याने निघतो. अडचण असते ती खाली. मातीतलं पाणी गोठलं की जमीन फरशीसारखी टणक होते, बुटाचे खिळे तिच्यात रुतत नाहीत आणि पडलेल्या माणसाचं हाड मोडतं. मीठ टाकावं तर गवत जळतं. तरी लोकांनी नाना उपाय केले. रेक्सहॅमने मैदानावर ८० टन वाळू पसरली. नॉरिचने आगीचे झोत सोडणारी यंत्रं फिरवली, तर वितळलेलं पाणी पुन्हा गोठलं. एव्हर्टन हा श्रीमंत क्लब. त्याने १९५८ मध्येच मातीखाली विजेच्या तारा घातल्या होत्या. हॅलिफॅक्सच्याच पायरीवरचा कॉव्हेंट्री संघ समुद्र ओलांडून आयर्लंडला गेला आणि तिथे मँचेस्टर युनायटेडशी खेळून आला.

सामने किती अडले याची कल्पना यावी म्हणून एकच उदाहरण देतो. एफ. ए. कप या मोठ्या स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीचे ३२ सामने ५ जानेवारीला व्हायचे होते. त्या दिवशी झाले तीन. फेरी संपायला ११ मार्च उजाडला आणि तोवर २६१ वेळा सामने पुढे ढकलले गेले. लिंकनच्या मैदानावरचा एकच सामना १५ वेळा पुढे गेला.

हॅलिफॅक्सपाशी ना विजेच्या तारा, ना परदेशी जाण्याचा खर्च. मैदान मात्र काचेसारखं गोठलेलं होतं. मग त्यांनी तेच विकलं! ‘द शे’ लोकांसाठी स्केटिंगला, म्हणजे पोलादी पात्यांचे बूट घालून बर्फावर घसरत फिरायला, तिकीट लावून खुलं केलं. शेकडो माणसं आली. जिथे गोल व्हायचे तिथे लोक गिरक्या घेत फिरत होते. आमच्या मते त्या हिवाळ्यात कुठल्याही क्लबने लढवलेली ही सगळ्यात शहाणपणाची युक्ती.

याच काळात आणखी एक धंदा अडला होता. ‘फुटबॉल पूल्स’ म्हणजे सामन्यांच्या निकालावर लावायचा सट्टा. तिथे घरोघरी दर आठवड्याला कूपन भरलं जाई. लिव्हरपूलमध्ये ती कूपनं तपासायला हजारो बाया कामाला होत्या. सामनेच नाहीत तर निकाल कुठून आणायचे? सलग तीन शनिवार कूपनं रद्द झाली. मग २६ जानेवारीला पूल्सवाल्यांनी चार जुने खेळाडू आणि एक जुना पंच लंडनमध्ये एका खोलीत बसवले, आणि सामना झाला असता तर कोण जिंकलं असतं हे त्यांच्याकडून ठरवून घेतलं. त्यांच्या वर अध्यक्ष म्हणून एक लॉर्डसाहेब. सट्टा चालू झाला. पण न झालेल्या सामन्याला तिकीट काढून कोण येणार? लहान क्लबचं दार होतं तसंच बंद राहिलं.

६ मार्चला देशभरात कुठेच दव गोठलं नाही, अशी त्या वर्षातली पहिली सकाळ उगवली. मग राहिलेल्या सामन्यांची एकच घाई उडाली. आठवड्यात दोन-दोन, तीन-तीन सामने. हंगाम मेच्या अखेरीपर्यंत लांबवावा लागला, कपचा अंतिम सामना ४ मेऐवजी २५ मेला झाला.

हॅलिफॅक्स टाऊन त्या हंगामात २४ संघांत चोविसावा आला आणि चौथ्या पायरीवर घसरला. सगळा दोष थंडीवर टाकता येणार नाही. त्याच बर्फातून, त्याच पायरीवर नॉर्थॅम्प्टनचा संघ पहिला आला होता. पण क्लब बुडाला नाही. सहा वर्षं तळाच्या पायरीवर काढून १९६९ मध्ये तो पुन्हा तिसऱ्या पायरीवर चढला, आणि खेळत होता त्याच उकिरड्यावरच्या मैदानात.