भिलाई आणि विद्यार्थ्यांचे आर्थिक शिक्षण

मिळकत, खर्च, बचत, गुंतवणूक, विमा आणि कर्ज यांविषयीचे व्यवहारोपयोगी ज्ञान विद्यार्थ्यांना देणे, यास आर्थिक शिक्षण असे म्हणतात. छत्तीसगडमधील भिलाई या पोलादनगरीत या शिक्षणाची निकड अलीकडच्या काळात प्रकर्षाने जाणवू लागली आहे.

दुर्ग जिल्ह्यातील भिलाई येथे सोव्हिएत संघाच्या सहकार्याने पोलाद कारखाना उभारण्यात आला. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. छत्तीसगड स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठ तसेच २०१६ मध्ये सुरू झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था यांमुळे भिलाई हे तंत्रशिक्षणाचेही केंद्र बनले.

मात्र तंत्रशिक्षणाबरोबर आर्थिक जाण वाढतेच असे नाही. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या २०१९ च्या सर्वेक्षणानुसार देशातील २७ टक्के प्रौढ आर्थिकदृष्ट्या साक्षर होते. गोव्यात हे प्रमाण ५० टक्के, महाराष्ट्रात १७ टक्के, तर छत्तीसगडमध्ये केवळ ४ टक्के होते. आर्थिक ज्ञान, वर्तन आणि दृष्टिकोन या तिन्ही निकषांवर ही पाहणी करण्यात आली होती.

या उणिवेचे गांभीर्य दाखवणारी घटना २०२३ मध्ये पुढे आली. ‘महादेव’ या ऑनलाईन सट्टेबाजी ॲपचे प्रवर्तक मूळचे भिलाईचे असून बेनामी बँक खात्यांच्या जाळ्यातून पैसा फिरवला जात असल्याचे सक्तवसुली संचालनालयाने म्हटले होते. ५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने या ॲपसह २२ बेकायदा सट्टेबाजी ॲप आणि संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश दिले. अल्प मोबदल्यासाठी आपले बँक खाते, एटीएम कार्ड अथवा सिमकार्ड दुसऱ्यास वापरू देणारा तरुण स्वतःच तपासाच्या फेऱ्यात सापडू शकतो. त्यामुळे बँक खाते कसे उघडावे याबरोबरच ते कोणाच्याही हाती का देऊ नये, हेही विद्यार्थ्यांना शिकवणे आवश्यक ठरते.

रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये १० वर्षांवरील मुलांना बचत खाते स्वतंत्रपणे चालवण्याची मुभा दिली आणि २०२५ मध्ये याविषयीचे नियम सुधारित केले. खात्यातील व्यवहारांची मर्यादा बँक ठरवते आणि अशा खात्यातून शिल्लक रकमेहून अधिक पैसे काढता येत नाहीत.

राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या सहकार्याने सहावी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कार्यपुस्तिका तयार केल्या आहेत. केंद्रातर्फे शिक्षकांसाठी प्रशिक्षण आणि विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय स्तरावरील चाचणी असे उपक्रमही राबवले गेले आहेत.

शालेय गणिताचाही या कामी मोठा उपयोग होतो. दरमहा शेकडा ३ या दराने घेतलेले १०,००० रुपयांचे कर्ज, काहीही परतफेड न केल्यास, मासिक चक्रवाढीने वर्षअखेरीस सुमारे १४,२५८ रुपये होते. तसेच तीन वर्षांत रक्कम दुप्पट करून देण्याचे आश्वासन म्हणजे दरसाल सुमारे २६ टक्के परतावा. हे गणित ज्या विद्यार्थ्याला मांडता येते, तो स्वतः सावध होतो आणि घरातील वडीलधाऱ्यांची आयुष्यभराची पुंजीही वाचवू शकतो. अनियंत्रित ठेव योजनांना २०१९ च्या केंद्रीय कायद्याने प्रतिबंध केला असला, तरी फसवणूक झाल्यानंतर पैसे परत मिळवणे ही दीर्घ आणि जिकिरीची प्रक्रिया असते.

बेकायदा ठेव योजनांविषयीची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ या संकेतस्थळावर नोंदवता येते. ऑनलाईन आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे.