हुकूमत कोणासाठी? : सातारचे प्रतिसरकार आणि आमची रियासत

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. झेंडावंदन होते, हुतात्म्यांना अभिवादन होते, भाषणे होतात. जुन्या जालन्यात राहून उर्दू माध्यमाच्या मुलांना इतिहास शिकवणाऱ्या आमच्यासारख्या शिक्षकांपुढे मात्र या दिवशी एक पेच उभा राहतो. आपल्या समाजात या दिवसाबद्दल दोनच तयार उत्तरे आहेत. निजामाचा जमाना म्हणजे सोन्याचा जमाना, हे पहिले. दुसरे उत्तर म्हणजे गप्प बसणे. पहिले उत्तर खरे नाही आणि दुसरे मुलांच्या उपयोगाचे नाही. दोन्ही उत्तरांत एक प्रश्न विचारायचाच राहून जातो : ती हुकूमत होती तरी कोणासाठी?

हा प्रश्न नीट विचारायचा तर हाताशी एखादे माप हवे. ते आम्हाला हैदराबादच्या दरबारात सापडले नाही. ते सापडले कृष्णाकाठच्या सातारा जिल्ह्यात, जिथे त्याच दशकात एक दुसरे सरकार मूळ सरकारपासून फुटून उभे राहिले होते. लोक त्याला पत्री सरकार म्हणत. जालन्याचा आणि सातारचा काय संबंध, असे कोणी विचारील. त्या सरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील १९६७ साली आमच्या शेजारच्या बीड मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले होते. कालपरवापर्यंत रियासतीची रयत असलेल्या लोकांनी सातारच्या या शेतकऱ्याला आपला माणूस मानले. संबंध आहे तो असा.

आधी हे सरकार कसे जन्माला आले ते पाहू. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ची हाक आली आणि मोठे पुढारी तुरुंगात गेले. सातारा जिल्ह्यात शेतकऱ्यांनी तालुक्यांच्या कचेऱ्यांवर मोर्चे नेले. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरलाही गोळ्या चालल्या. निःशस्त्र मोर्चाचे उत्तर बंदुकीने मिळते म्हटल्यावर कार्यकर्ते भूमिगत झाले. १९४३ मध्ये त्यांनी आपल्या कामाला प्रतिसरकारचे रूप दिले. नाना पाटील, किसन वीर, जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी ही त्यातली प्रमुख नावे. नाना पाटील पूर्वी तलाठी होते आणि सत्यशोधक विचारात वाढले होते. सातबारा काय असतो, सावकार काय करतो आणि खेड्यातला गरीब माणूस कोणाला भितो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

त्या काळाचे चित्रही ध्यानात ठेवले पाहिजे. महायुद्ध चालू होते. धान्य महाग झाले होते, काळाबाजार बोकाळला होता. १९४३ मध्ये बंगालमध्ये वीस ते तीस लाख माणसे भूक आणि रोगराईने मेली. त्याआधी काही महिने, डिसेंबर १९४२ मध्ये, लंडनमध्ये बेव्हरिज यांचा प्रसिद्ध अहवाल निघाला होता. आजारपण, बेकारी, म्हातारपण यांत प्रत्येक नागरिकाला आधार देणे सरकारचे काम आहे, असे त्यात मांडले होते. हा अहवाल इंग्लंडच्या माणसांसाठी होता. वडूजच्या आणि बंगालच्या माणसांसाठी नव्हता. राज्य एकच, पण त्याच्या कल्याणाच्या हद्दीत कोण आणि हद्दीबाहेर कोण, हे लंडनमध्ये ठरत होते.

प्रतिसरकारने याच जागी हात घातला. त्याच्याकडे राजधानी नव्हती, नाणे नव्हते, टपाल नव्हते. कामांची यादी मात्र होती. गावोगावी न्यायदान मंडळे नेमली गेली. गावातले पंच बसत, दोन्ही बाजू ऐकत आणि निवाडा देत. कोर्टात वर्षानुवर्षे लोंबकळणारे बांधाचे, वाटणीचे, गहाणाचे तंटे गावातच मिटू लागले. सावकाराने बळकावलेल्या जमिनी मूळ मालकाला परत देवविल्या गेल्या. धान्य वाजवी भावाने लोकांना मिळावे म्हणून वाटपाची व्यवस्था केली गेली. दारूचे गुत्ते बंद पाडले गेले. लग्नात कर्ज काढून मानपान करण्याऐवजी थोडक्या खर्चात ‘गांधी विवाह’ लावले जाऊ लागले. वाचनालये आणि साक्षरतेचे वर्ग निघाले, अस्पृश्यतेविरुद्ध प्रचार झाला. चोर-दरोडेखोरांचा आणि बायाबापड्यांना त्रास देणाऱ्या गुंडांचा बंदोबस्त झाला. आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेकडो गावांत हा कारभार चालत होता.

पैसा कोठून आला? काही लोकांनी दिला, काही सरकारी खजिन्यातून हिसकावून घेतला. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पगाराची रक्कम ताब्यात घेतली गेली. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ साडेपाच लाखांच्या आसपासचा खजिना लुटला गेला. रक्षणासाठी तुफान सेना उभी राहिली आणि तिचे मोठे केंद्र कुंडल येथे होते. कुंडल हे गाव औंध संस्थानात मोडत होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये, गांधीजींच्या सल्ल्याने, आपली सत्ता ग्रामपंचायतींच्या हाती सोपवणारी राज्यघटना दिली होती. ब्रिटिश पोलिसांना या हद्दीत सरळ शिरता येत नसे. एका राजाने आपणहून सोडलेल्या सत्तेच्या सावलीत रयतेचे सरकार वाढले. हैदराबादच्या वारसांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

प्रतिसरकार निर्दोष होते, असे आमचे म्हणणे नाही. ‘पत्री’ हे नावच त्याच्या शिक्षांवरून पडले. खबऱ्यांना आणि गुंडांना तळपायावर मार मिळे, काहींचा जीवही गेला. आरोपीला वकील नव्हता, वरचे कोर्ट नव्हते. बंदूक ज्याच्या हाती त्याचा निवाडा नेहमीच न्याय असतो असे नाही. हातात सत्ता असलेल्या कोणत्याही गटाविषयी ही शंका कायम ठेवली पाहिजे. पण या सरकारची आणखी एक गोष्ट विरळा आहे. १९४६ मध्ये प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, वॉरंटे रद्द झाली आणि प्रतिसरकारने आपला पसारा आवरला. वेगळे राहणे हे त्याचे ध्येय कधीच नव्हते. रयतेचे काम करण्यासाठी वेगळे व्हावे लागले म्हणून ते वेगळे झाले.

आता आपल्या घराकडे वळू. जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढले, की ब्रिटिश गेल्यावर हैदराबाद स्वतंत्र राहील. या रियासतीकडे वेगळ्या राज्याला लागणारे सगळे होते. स्वतःचे नाणे, स्वतःची रेल्वे, टपाल, फौज. १९४१ च्या जनगणनेनुसार एक कोटी साठ लाखांहून अधिक प्रजा. रियासतीने कामे केली नाहीत असेही नाही. १९०८ च्या मुसा नदीच्या महापुरानंतर उस्मानसागर बांधला गेला. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि वैद्यक, विज्ञान, कायदा हे विषय एका हिंदुस्थानी भाषेतून, उर्दूतून, शिकवले गेले. आमच्या जालन्यात घाणेवाडीचा तलाव त्याच जमान्यातला आहे. उर्दूचे शिक्षक म्हणून उस्मानियाचा अभिमान आम्हाला आहे आणि तो का असू नये?

पण सातारचे माप लावले की दुसरी बाजू दिसते. रियासतीची सुमारे साठ टक्के जमीन दिवाणी कारभारात होती. उरलेली जहागिरींत आणि निजामाच्या खासगी ‘सर्फ-ए-खास’मध्ये. जहागिरीतल्या कुळाला सरकारी कायदा क्वचितच पोचे. वेठबिगार होती. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला प्राथमिक शाळेच्या पुढे शिकायचे तर परक्या भाषेतून शिकावे लागे. इंग्रजीच्या ओझ्याखाली आपल्या मुलांचे काय होते हे रोज पाहणाऱ्या आम्हाला ही गोष्ट कळायला जड जाऊ नये. १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यातले साक्षर दहा टक्क्यांहूनही कमी होते. विद्यापीठाचा घुमट डोळ्यांत भरणारा होता, पण खाली गावची शाळाच नव्हती.

आणि या रियासतीतला गरीब मुसलमान? त्याला इत्तेहादुल मुस्लिमीनने ‘अनल मलिक’चा मंत्र दिला. म्हणजे प्रत्येक मुसलमान हाच बादशहा. विणकर, टांगेवाला, शिपाई, कुळवाडी, सगळे बादशहा. बादशहाच्या घरात संध्याकाळी चूल पेटते की नाही, हे मात्र कोणी विचारले नाही. सातारमध्ये माणसाला सांगितले गेले की तुझी गहाण जमीन परत मिळेल. आमच्याकडे सांगितले गेले की तख्त तुझे आहे. जमिनीने पोट भरते. पुढे कासीम रझवीच्या रझाकारांनी याच गरिबांच्या मुलांच्या हाती लाठ्या-बंदुका दिल्या आणि शेजारच्या घरांवर जुलूम करायला लावले. रयतेवर अत्याचार करून हुकूमत वाचत नसते.

यातून सगळा समाज एकाच बाजूला होता असा समज पसरला, तोही चुकीचा आहे. तेलंगणात जनगाव तालुक्यातला शेख बंदगी हा साधा शेतकरी आपल्या जमिनीसाठी विसनूरच्या देशमुखाशी झगडला आणि मारला गेला. शायर मखदूम मोहिउद्दीन शेतकरी-कामगारांच्या लढ्यात होते. त्या लढ्यानेही सातारसारखीच गावची राज्ये उभी केली. तीन हजार गावांत दहा लाख एकर जमीन वाटली, असे त्याचे नेते सांगत. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात सामील होण्याची बाजू मांडली. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. ही नावे आमच्या मुलांना पाठ असली पाहिजेत.

क्षणभर कल्पना करू. समजा, जून १९४७ च्या फर्मानात स्वातंत्र्याऐवजी दुसरा मजकूर असता. जहागिरी खालसा, जमीन कसणाराची. खेड्याची शाळा खेड्याच्या भाषेत आणि उस्मानियात उर्दूच्या जोडीला मराठी, तेलुगू, कन्नड. सर्फ-ए-खासचे उत्पन्न दवाखान्यांना. कारभार निवडून आलेल्यांच्या हाती. रझाकारांना परवानगी नाही. असे हैदराबाद तरीही भारतात विलीन झालेच असते, कारण भूगोल आणि लोकमत दोन्ही तेच सांगत होते. पण फौज पाठवून ते घ्यावे लागले असते का? आम्हाला वाटते, एका टेबलावर बसून सही झाली असती आणि हजारो माणसे जगली असती. कल्याणाच्या पायावर उभी असलेली हुकूमत स्वतः मिटली तरी तिची रयत सुरक्षित राहते. सातारमध्ये हेच घडले.

आमच्याकडे तसे घडले नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस ॲक्शन सुरू झाली, १५ तारखेला फौज जालन्यात होती आणि १७ तारखेला सारे संपले. नंतर काय झाले ते पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने लिहून ठेवले आहे. ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ बसली. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. मरणाऱ्यांत बहुतेक गरीब मुसलमान होते. जे ‘बादशहा’ होते ते मेले. खरे जहागीरदार बहुधा वाचले आणि १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या तेव्हा त्यांना मोबदलाही मिळाला. रझाकारांच्या जुलमाचा हिशोब जसा मांडला पाहिजे तसाच याही रक्ताचा मांडला पाहिजे. एक हिशोब दुसऱ्याने फिटत नाही. जे माप आम्ही निजामाला लावले तेच नव्या सरकारलाही लावतो : तुझ्या कल्याणाच्या हद्दीत कोण आहे आणि हद्दीबाहेर कोण?

म्हणून १७ सप्टेंबरला आम्ही आता मुलांना तिसरे उत्तर देतो. निजामाची तरफदारी करायची गरज नाही आणि मान खाली घालायचीही नाही. उस्मानियाच्या उर्दूचा वारसा आपला आहे, शेख बंदगी आणि शोएबुल्ला खान आपले आहेत आणि सातारचे प्रतिसरकारही आपले आहे. नाना पाटलांच्या न्यायदान मंडळाचा धडा शिकवताना आम्ही मुलांना घरचा अभ्यास देतो : आपल्या मोहल्ल्यात कोणाचे रेशनकार्ड अडले आहे, कोणाची मुलगी सातवीनंतर घरी बसली आहे, कोणाचे घर लग्नाच्या कर्जात बुडाले आहे, याची यादी करून आणा. हुकूमत कोणाचीही असो, तिच्यापुढे ठेवायची अर्जी या यादीनेच सुरू झाली पाहिजे.